किडीनंतरची परसबाग : रोप सावरण्याचा एक अभ्यास

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे, विहिरीच्या पाटाला लागून, आमची सुमारे पाच गुंठ्यांची परसबाग आहे. ज्यांनी या शाळेत काही वर्षे काढली, त्यांना तिची निराळी ओळख करून देण्याची गरज नाही. सकाळच्या वंदनेनंतर झारी घेऊन वांग्यांच्या सऱ्यांतून फिरणे हा बहुतेक प्रत्येक तुकडीचा दिनक्रम होता आणि आजही आहे. स्मरणिकेसाठी बागेविषयी लिहावे असे ठरले, तेव्हा तिच्या गौरवाचे चार शब्द लिहून मोकळे होता आले असते. परंतु या बागेने आम्हां शिक्षकांना जो सर्वांत मोठा धडा दिला तो तिच्या बहराच्या काळात नव्हे, तर ती किडीने ग्रासली त्या काळात. पालकांपैकी पुष्कळांच्या घरी शेत किंवा परसू आहे, शहरांत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या गच्चीवर मिरची-टोमॅटोच्या कुंड्या आहेत. म्हणून तो धडा येथे अभ्यासाच्या स्वरूपात मांडत आहोत.

एका वर्षी भाद्रपदात सलग आठ-दहा दिवस आभाळ भरून राहिले. घटक चाचण्यांच्या गडबडीत बागेकडे आमचे लक्ष नव्हते. आभाळ उघडल्यावर पाहतो तो चवळीचे शेंडे काळ्या माव्याने भरून गेलेले, भेंडीची पाने कडांनी पिवळी पडून द्रोणासारखी वळलेली आणि वांग्याच्या जवळजवळ प्रत्येक झाडाचा एखादा तरी शेंडा मान टाकून उभा. दीडशेहून अधिक मुलांच्या रोजच्या भाजीचा हा प्रश्न होता. घाईघाईने आम्ही शेजारच्या शेतातून फवारणीचा पंप आणला. त्याबरोबर कापसासाठी आणलेल्या औषधाची उरलेली अर्धी बाटलीही आली, आणि कोणीही बाटलीवरचा मजकूर नीट न वाचता ते सर्व बागेवर फवारले गेले. हा निर्णय आमचा होता. त्याचा दोष दुसऱ्या कोणाकडे जात नाही.

दोन दिवसांत मावा मेला. आम्हांला समाधान वाटले. मात्र त्याच चवळीच्या बुडाशी लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे मूठभर मरून पडलेले होते, त्याचा अर्थ त्या वेळी आमच्या लक्षात आला नाही. तिसऱ्या आठवड्यात आश्विनाचे ऊन तापले आणि वांग्याच्या पानांवर पांढुरके ठिपके उमटू लागले. पाने तांबूस झाली, मागील बाजूस बारीक जाळी दिसू लागली. ती लाल कोळ्याची होती. कोळ्यांना खाऊन आटोक्यात ठेवणारे जीव आम्हीच मारून टाकले होते आणि कोळ्यांवर त्या औषधाचा फारसा परिणाम झाला नव्हता. शिवाय बाटलीवर कापसाचा उल्लेख होता, वांगी-भेंडीचा नव्हता. फवारणीनंतर भाजी किती दिवसांनी खावी हे सांगता येईना. म्हणून झाडावरची सारी फळे तोडून खड्ड्यात पुरली. त्या महिन्यात मुलांच्या ताटात डाळ आणि बटाटाच अधिक होता.

याहून अधिक टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. फवारणीच्या दिवशी सातवीतील एक मुलगा बागेच्या कुंपणापाशी आला आणि वास येताच मागे फिरला. कामचुकारपणा करतो असे समजून आम्ही त्याला हटकले. त्याने सांगितले की, त्याचे वडील हंगामात दुसऱ्यांच्या शेतात रोजाने पंप मारतात, हा वास त्यांच्या सदऱ्याला असतो आणि त्या रात्री ते जेवत नाहीत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पाठीवर पंप घेणारा माणूस बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. ज्या शाळेत त्याची मुले शिकतात, त्या शाळेच्या बागेत तेच औषध हातमोज्यांविना, तोंडाला फडके न बांधता फवारले जावे, ही आमच्या शिक्षणातली उणीव होती.

त्यानंतरच्या पाठात मुलांनी एक रास्त प्रश्न विचारला. रोज सकाळी आपण प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे शील घेतो, मग अळी चिरडायची की नाही? हा प्रश्न टाळणे सोपे होते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत, तसेच मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. त्याच आधारे आम्ही मुलांशी बोललो. वांग्यातली अळी काढावी लागते, ती गरज. पण समोर दिसेल तो किडा मारण्यासाठी बागभर विष शिंपडणे ही गरज नव्हे. त्यात आपली भीती आणि आळस अधिक असतो. सगळ्या मुलांचे समाधान झाले असे नाही. एका मुलीने अळ्या काढण्याच्या कामातून आपले नाव मागे घेतले, तिला आम्ही पाणी देण्याचे काम दिले.

आता मूळ विषयाकडे येऊ. कीड जाणे आणि रोप सावरणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. बहुतेक लोक पहिले काम संपले की दुसरे आपोआप होईल असे धरून चालतात. आम्हीही तसेच धरले होते. परंतु पानाला पडलेले छिद्र बुजत नाही, चुरडलेले पान पुन्हा सपाट होत नाही. पूर्ण वाढलेल्या पानातील पेशींचे विभाजन थांबलेले असते. त्यामुळे औषध मारल्यानंतर आठ दिवसांनी 'अजून पाने तशीच आहेत' म्हणून दुसरे औषध मारणारा माणूस चुकीच्या जागी पाहत असतो. रोप सावरते ते नव्या पालवीने, आणि नवी पालवी येते ती पानाच्या बेचक्यात झोपलेल्या डोळ्यांतून. शेंडा शाबूत असेपर्यंत तो या डोळ्यांना दडपून ठेवतो. शेंडा खुडला की ते फुटतात. म्हणून किडीनंतर पाहायचे ते जुने पान नव्हे, तर वरून तिसरे-चौथे बेचके. तेथे हिरवा ठिपका दिसू लागला की रोप जगणार असे समजावे.

सर्वच रोपे मात्र जगवण्याजोगी नसतात, आणि येथेच मन घट्ट करावे लागते. भेंडीचे उदाहरण घ्या. तुडतुड्यांनी रस शोषलेल्या भेंडीची पाने कडांकडून पिवळी पडतात, वरच्या बाजूला वळतात आणि पुढे कडा करपतात. अशी भेंडी सावरते. परंतु केवडा रोगात, ज्याला काही भागांत हळद्या म्हणतात, पानांच्या शिरा पिवळ्या होतात आणि त्या पिवळ्या जाळ्यात मधला भाग प्रथम हिरवाच राहतो. हा विषाणुजन्य रोग असून पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. त्यावर औषध नाही. अशा झाडाला खतपाणी घालणे म्हणजे शेजारच्या निरोगी झाडांसाठी रोगाचे कोठार राखणे होय. ते पहिल्या दिवशीच मुळासकट उपटावे. आमच्या मुलांना हे फार जड गेले. स्वतः टोकलेले, स्वतः पाणी घातलेले, फुलावर आलेले झाड उपटवेना. त्या वर्षी आम्हीही थांबलो आणि दहा झाडांचे चाळीस झाले. पुढच्या हंगामापासून परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेले 'परभणी क्रांती' हे केवड्याला प्रतिकारक वाण लावतो. त्यावरही आता काही ठिकाणी केवडा दिसतो, तेव्हा वाणावर विसंबून पाहणी सोडू नये.

मिरचीच्या बाबतीत निदान अधिक नाजूक आहे. पाने चुरडली की लोक सरसकट 'बोकड्या आला' म्हणतात. पान वरच्या बाजूला होडीसारखे वळले असेल तर बहुधा फुलकिडे असतात. खाली वळून, लांबट होऊन पालथ्या होडीसारखे झाले असेल तर कोळी असतात. एक पांढरा कागद शेंड्याखाली धरून फांदीवर टिचकी मारावी. बारीक पिवळसर किडे कागदावर धावू लागले तर ते फुलकिडे. कोळी मात्र इतके सूक्ष्म असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. आमच्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेतले भिंग याच कामी सर्वाधिक वापरले गेले. पण असेच चुरडणे विषाणूमुळेही होते, मग ओळखायचे कसे? आम्ही एक साधी रीत ठेवली आहे. किडीचा बंदोबस्त करून चुरडलेले शेंडे, झाडाच्या साधारण एक-तृतीयांशापेक्षा अधिक नाही इतके, छाटतो आणि दोन आठवडे वाट पाहतो. नवी पाने सपाट आली तर अपराध किडीचा होता. भिंगातून कीड दिसत नसतानाही नवी पाने पुन्हा चुरडलेलीच आली, तर झाड उपटतो.

वांग्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्या भागातील परसबागेचा प्राण वांग्यातच असतो, आणि वांग्याचा शत्रूही सर्वांत चिवट आहे. शेंडे व फळे पोखरणारी ही अळी आरंभी कोवळ्या शेंड्यात शिरते. आत पोखरल्यामुळे शेंडा सुकून खाली वाकतो. फळे आली की ती फळात शिरते, आणि एकदा आत गेली की कोणतीही फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्या शेतकऱ्यांना वांग्यावर पुन्हापुन्हा फवारावे लागते त्यांच्या अडचणीचे मूळ येथे आहे. यावर सर्वांत परिणामकारक साधन कात्री आणि सातत्य हेच. वाकलेला शेंडा दिसला की सुकलेल्या भागाच्या बोटभर खाली, हिरव्या भागात, कापायचा. कापलेला शेंडा वाफ्यात किंवा कंपोस्टच्या ढिगावर टाकायचा नाही. अळी त्यातून बाहेर येते, पालापाचोळ्यात कोष करते आणि काही दिवसांत पतंग होऊन पुन्हा अंडी घालते. आम्ही शेंडे व किडकी फळे झाकणाच्या डब्यात गोळा करून खोल पुरतो. दर सोमवारी व गुरुवारी हे काम पाळीने होते. जोडीला कामगंध सापळे लावले आहेत. त्यांत नर पतंग अडकतात आणि किती अडकले यावरून पुढच्या आठवड्यात किती सावध राहायचे ते कळते. सापळ्यातील पतंग मोजून वहीत लिहिण्याचे काम नववीच्या मुलांनी आपणहून उचलले आहे. हंगाम संपल्यावर वांग्याची वाळकी झाडे सरपणासाठी बांधावर रचून ठेवण्याची सवय मात्र मोडावी, कारण त्यांतही अळी टिकून राहते.

शेंडा कापला की वांगे खालून दोन-तीन धुमारे फेकते. म्हणजे जी कृती अळी काढण्यासाठी केली, तीच झाडाला सावरणारी ठरते.

चवळीवरील माव्यासाठी औषधाची गरज क्वचितच पडते. माव्याच्या माद्या नराविना थेट पिले देतात आणि ती पिले आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवू लागतात, म्हणून चार दिवसांची हयगय महागात पडते. पण मावा दुबळा असतो. सकाळी पानांच्या खालून जोराने पाणी मारले की तो खाली पडतो, आणि पडलेल्यांपैकी फार थोडे पुन्हा वर चढतात. दोन-तीन दिवस हे केले की शेंडे मोकळे होतात. मुंग्यांची रांग चढताना दिसली तर ती तोडावी. माव्याच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. याच गोड द्रवावर पुढे काळी बुरशी चढते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. ढालकिड्याची अळी मुळीच सुंदर नसते. ती काळपट, खरबरीत, लहानशा मगरीसारखी दिसते, आणि माव्याच्या घोळक्यात बसलेली असल्याने कीड समजून तीच आधी चिरडली जाते. वास्तविक ती प्रौढ ढालकिड्यापेक्षाही अधाशीपणे मावा खाते. आम्ही तिचे मोठे चित्र काढून बागेच्या फाटकावर लावले आहे.

फवारणी अटळ झालीच तर आम्ही निंबोळी अर्क वापरतो. 1962 साली टोळधाड आली असता दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतील डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकांवर फवारून पाहिले. टोळ त्या पिकांवर उतरले, पण त्यांनी ती खाल्ली नाहीत. निंबोळीचे कार्य यावरून समजते. ती किडीला तत्काळ मारत नाही, खाण्यापासून परावृत्त करते आणि कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणते. म्हणून दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले तर निराश होऊ नये. अर्काची रीत अशी : जून-जुलैत पडलेल्या पिकल्या निंबोळ्या धुऊन सावलीत वाळवाव्यात. वापरण्याच्या आदल्या दिवशी अर्धा किलो निंबोळीच्या बियांचा गर भरड कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालावा. सकाळी फडक्यातून दोनदा गाळावा, सुमारे 20 ग्रॅम साबण विरघळवून घालावा आणि एकूण पाणी दहा लिटर करावे. हा झाला पाच टक्के अर्क. तो त्याच दिवशी वापरावा आणि सायंकाळी फवारावा, कारण उन्हात त्याची शक्ती लवकर नष्ट होते. पानांच्या खालच्या बाजूस तो पोहोचला नाही तर सारे श्रम वाया जातात. प्रथम दोन-चार पानांवर फवारून एक दिवस पाहणे चांगले. साबण अधिक झाला तर कोवळी पाने करपतात.

घरगुती उपायांकडे आम्ही पूर्वी थोडे तुच्छतेनेच पाहत होतो. एका विद्यार्थ्याची आजी त्याला भेटायला आली असता तिने दोडक्याच्या वेलावर लाल भुंगेरे पाहिले आणि काही न बोलता चुलीतली चाळलेली राख आणून, दव असतानाच, पानांवर भुरभुरली. भुंगेरे पुष्कळ कमी झाले. पाऊस पडला की राख धुऊन जाते आणि पुन्हा टाकावी लागते, एवढीच तिची मर्यादा.

आता किडीतून उठलेल्या झाडाच्या आहाराविषयी. आजारी माणसाला पहिल्याच दिवशी पुरणपोळी वाढत नाहीत. तरीही झाड फिकट दिसले की आपण मूठभर युरिया टाकतो. त्याने पाने झपाट्याने हिरवीगार होतात हे खरे, पण ती लुसलुशीत, रसदार पाने मावा-तुडतुड्यांना निमंत्रणच ठरतात. आमच्याकडे युरिया दिलेल्या दोन सऱ्यांवर तीन आठवड्यांत मावा परत आला आणि न दिलेल्या सऱ्यांवर नाममात्र राहिला. हा काही शास्त्रशुद्ध प्रयोग नव्हता, पण मुलांना पटण्यास पुरेसा होता. त्यापेक्षा बुडाशी हलकी खुरपणी करून दोन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत द्यावे आणि वर वाळल्या पाचटाचे आच्छादन घालावे. पाण्याचेही असेच. पाने कमी झालेले झाड कमी पाणी पिते. पूर्वीइतकेच पाणी घातले तर काळ्या जमिनीत मुळे गुदमरतात, आणि झाड कोमेजले म्हणून आपण आणखी पाणी घालतो. बोट दोन पेरे मातीत खुपसून ओल पाहावी, मगच झारी उचलावी. पहिला बहर, असेल तेवढा, तोडून टाकावा. अशक्त झाडाने फळे पोसू नयेत, आधी पाने धरावीत. स्वयंपाकघरातील मावशींचा या शेवटच्या नियमाला ठाम विरोध असतो, आणि त्यांची बाजूही आम्हांला समजते.

कोळ्यांनी तांबूस केलेल्या त्या वांग्यांचे पुढे काय झाले, ते सांगणे राहिले. आम्ही ती उपटणारच होतो. गावातील एका वृद्ध शेतकऱ्याने थांबवले. वांगे हे मुळात एका हंगामाचे झाड नव्हे, खोड ठणठणीत असेल तर खोडवा घ्या, असे त्यांनी सांगितले. त्याप्रमाणे मार्गशीर्षाच्या आरंभी, जमिनीपासून वीतभर खोड ठेवून, धारदार कात्रीने तिरपा काप देऊन सर्व झाडे छाटली. छाटलेला पाला बागेबाहेर नेऊन पुरला. शेणखत दिले, आच्छादन घातले. बारा दिवस केवळ खुंट उभे होते आणि मुले रोज येऊन निराश होऊन जात. तेराव्या दिवशी पहिल्या खुंटावर जांभळट डोळा दिसला. त्यासाठी बोलावणे आले ते त्याच सातवीतल्या मुलाकडून. बेचाळीस खुंटांपैकी एकतीस फुटले, अकरा वाळले. प्रत्येक खुंटावर तीन-चार जोमदार धुमारे राखून बाकीचे काढले. माघात वांगी सुरू झाली आणि चैत्रापर्यंत आठवड्यातून दोनदा भाजी पुरली. फळे पहिल्या बहरापेक्षा थोडी लहान होती.

फवारणीचा तो पंप आम्ही परत केला. अर्कासाठी निराळा लहान पंप घेतला असून त्यावर मुलांनी रंगाने 'फक्त निंबोळी' असे लिहिले आहे. यंदा जूनमध्ये शाळेच्या आवारातील सहा कडुनिंबांखालच्या निंबोळ्या वेचून दोन पोती बी वाळवून ठेवले आहे. ज्या पालकांना हवे असेल त्यांनी पाल्याला भेटायला येताना पिशवी आणावी. रविवारी दुपारी अर्क करण्याची रीत आठवीच्या मुली प्रत्यक्ष करून दाखवतात.